ओळख पटली, आता काम करा

प्रश्न : ताई, चेहरा झाकलेल्या स्त्रीला सरकारी सेवा नाकारणारे कायदे काही देशांनी केलेत, असं वाचलं. मला ते पटतात. मी चेहरा दाखवते, मग तिनं का दाखवू नये? आणि नकाब तिनं स्वतःच्या मर्जीनंच घातलाय हे कशावरून? तुम्ही इतकी वर्षं खिडकीवर बसलात, तुमचं मत काय?
– एक वाचक

उत्तर : चेहरा दाखवावाच लागतो, हे मलाही मान्य. सव्वीस वर्षं मी कागदपत्रं तपासली. फोटो आणि माणूस जुळवल्याशिवाय एकही अर्ज पुढे सरकवला नाही. पण सुरुवातीला एका बाईंना मी भरल्या रांगेसमोर मोठ्यानं म्हणाले, "चेहरा दाखवा." त्यांनी कागद गोळा केले आणि निघून गेल्या. पुन्हा आल्याच नाहीत. त्यांचं काम माझ्यामुळे अडलं, हे मला अजून सलतं. त्यानंतर मी अशा प्रत्येकीला आतल्या खोलीत न्यायची, दार लोटून घ्यायची. नकाब वर, फोटो बघितला, नकाब खाली. पुरुष सहकारी मला हाक मारायचे. एका मिनिटाचं काम.

चेहऱ्याची गरज त्या मिनिटापुरतीच असते. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतानं ऑक्टोबर 2017 मध्ये कायदा केला, की सेवा देणारा आणि घेणारा, दोघांचेही चेहरे उघडे हवेत. लगेच प्रश्न आला, बसमध्ये बसायचं तरी कसं? आठवड्याच्या आत न्यायमंत्र्यांना खुलासा करावा लागला, की फोटोचा पास तपासतानाच चेहरा दाखवायचा, नंतर झाकला तरी चालेल. डिसेंबरात न्यायालयानं त्या कलमाला स्थगिती दिली. 2019 च्या नव्या कायद्यात घेणाऱ्यासाठी ही अट ओळख पटवणं आणि सुरक्षितता एवढ्यावर आली. (त्याच कायद्यानं शिक्षिकांच्या हिजाबवर बंदी घातली. ती मला मुळीच मान्य नाही, पण तो वेगळा विषय.)

कॅनडातच झुनेरा इसहाक यांचं प्रकरण झालं. नागरिकत्वाच्या शपथेला नकाब चालणार नाही, असा 2011 चा सरकारी नियम होता. शपथेआधी महिला अधिकाऱ्याला एकांतात चेहरा दाखवायची त्यांची तयारी होती, हरकत फक्त सगळ्यांसमोर दाखवायला होती. न्यायालयांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 9 ऑक्टोबर 2015 ला त्यांनी नकाबातच शपथ घेतली. आमच्या आतल्या खोलीत याहून वेगळं काय चालायचं?

आता सक्तीचं. ती असते, नाकारून चालणार नाही. फ्रान्सच्या 2010 च्या कायद्यात चेहरा झाकणाऱ्या स्त्रीला 150 युरोपर्यंत दंड आहे आणि तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद व 30,000 युरोपर्यंत दंड. दुसरं कलम मला योग्य वाटतं. पहिल्याचा भार मात्र तिच्यावरच पडतो. घरचे जिला नकाबाशिवाय बाहेर पडू देत नाहीत, तिला दवाखान्यानं आणि ग्रंथालयानंही दार लावलं, तर ती मदत मागायला जाणार कुठं? डॉक्टर, परिचारिका, खिडकीवरची बाई, हीच तिला घराबाहेर भेटणारी माणसं. आत दार लोटल्यावर एकदोघी माझ्याशी जे बोलल्या, ते त्या रांगेत कधीच बोलल्या नसत्या.

तुमच्या ओळखीचं कुणी अशा खिडकीवर असेल, तर त्यांना आत एक खुर्ची आणि लोटता येणारं दार मागून घ्यायला सांगा.