‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे गाणं नेमकं कशाबद्दल आहे? भुताटकीबद्दल का?

भूत, सैतानाची पूजा, वेड्यांचं इस्पितळ हे सगळं मीही कॉलेजात ऐकलंय. त्यात दम नाही. ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं हे गाणं 1976 च्या अल्बममधलं. शब्द मुख्यतः बँडचा गायक-ड्रमर डॉन हेन्लीचे, आणि तो भोळेपणाकडून अनुभवाकडे जाणाऱ्या प्रवासाबद्दल बोलत आलाय. लॉस एंजेलिसचा पैसा, झगमगाट, नशा, आणि त्यात पुरते अडकलेले लोक.

मला सगळ्यात आवडते ती वाइनची जागा. पाहुणा वाइन मागतो, तर उत्तर मिळतं की ते ‘स्पिरिट’ आमच्याकडे 1969 पासून नाही. आता वाइन काही स्पिरिट नव्हे, ती गाळलेली दारू नसते, म्हणून कुणीतरी हेन्लीची चूकही काढली होती! पण स्पिरिट म्हणजे जोशसुद्धा. वुडस्टॉक हा हिप्पी पिढीचा गाजलेला संगीत महोत्सव 1969 च्या ऑगस्टमधला. त्या पिढीचा जोश तिथेच संपला, असं मी वाचतो. गाण्यातल्या पोलादी सुऱ्यांचा (‘स्टीली नाइव्ह्ज’) उल्लेख मात्र गूढबिढ काही नाही, स्टीली डॅन या बँडला मारलेली ती कोपरखळी आहे.

हॉटेल सोडता येतं पण बाहेर पडता येत नाही, ही ओळ काहींना व्यसनाची वाटते. मला ती प्रसिद्धीची वाटते. बँड तेव्हा शिखरावर होता. त्या ओळीनंतर शब्दच संपतात. पुढे दोन मिनिटं नुसत्या दोन गिटारी, आणि गाणं थांबत नाही, वाजता वाजता विरत जातं.