तुलना कोणाशी, ते आधी सांग

पोरी,

परवा तू आलीस तेव्हा माझ्यापुढे कळण्याची भाकरी होती आणि तुझ्या हातात वडिलांच्या रिपोर्टांची फाईल. भाकरी गार झाली. दीड तास बोललीस आणि जाताना म्हणालीस, "मॅडम, मला काहीच कळत नाहीये." मला मात्र रात्रभर फाईलवर स्केचपेनने लिहिलेलं 'आमच्या घराण्याची शुगर' आठवत राहिलं. म्हणून लिहितेय. धीर वगैरे देत बसणार नाही, तो तुझ्याकडे माझ्यापेक्षा जास्त आहे.

पुण्याच्या लॅबमध्ये प्रोजेक्टची जागा मिळतेय आणि इकडे गावातल्या शाळेत नोकरी, या पेचाकडे मी शेवटी येते. मला राग आला तो तुझ्या एका वाक्याचा. "पप्पांना शुगर आहे, धाकट्या काकांना नाही. दोघांच्या रक्तातून मूलपेशी केल्या, त्यांच्या इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी बनवल्या आणि शेजारी ठेवल्या, की फरक दिसेलच ना?"

हे वाक्य मीही एकदा म्हटलंय. अगदी असंच, याच उत्साहात. त्यात माझी लॅबमधली अडीच वर्षं गेली.

तुलना कोणाशी? हा प्रश्न आधी, रक्त नंतर.

तुझे काका केळी लावतात ना? टिशू कल्चरची तीन हजार रोपं आणतात, सगळी एका वाणाची, एकाच साच्यातली. नदीकाठच्या वावरात घड भरला आणि वरच्या मुरमाड वावरात नाही भरला, तर काका रोपाला दोष देतील का? नाही. रोप तेच आहे, म्हणजे फरक जमिनीचा, पाण्याचा. आणि एकाच वावरात अर्ध्यात जुने कंद, अर्ध्यात टिशूची रोपं लावली, तर मग रोपाबद्दल बोलता येतं. काकांनी बायोटेक केलेलं नाही, पण हे त्यांना झोपेतही कळतं. तू मात्र दोन वेगळी रोपं दोन वेगळ्या वावरांत लावून विचारतेस, फरक कशामुळे?

आता पेशीत खरी गंमत काय आहे ते बघ. जपानच्या यामानाका या शास्त्रज्ञांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी मागे गेली, जणू गर्भातली. हीच ती मूलपेशी, जिच्यापासून हवी ती पेशी बनवता येते. २०१२ चं नोबेल त्यासाठीच. मागे जाताना ती अंगावरच्या बहुतेक खुणा पुसून टाकते. वडिलांची तीस वर्षांची खुर्ची, काकांचं बांधावरून रोजचं चालणं, शेवभाजीचा तर्रीदार रस, यातलं काही तिला फारसं आठवत नाही. वावर गायब होतं आणि रोप उरतं. वारशाचा धोका तपासायला हे हत्यार म्हणूनच नामी आहे.

पण उरलेली रोपंही दोन वेगळीच ना! सख्ख्या भावांच्या डीएनएतसुद्धा लाखो जागी फरक असतो. नेहमीच्या टाइप २ शुगरमध्ये शेकडो जागांचा थोडाथोडा वाटा. त्यातलं सगळ्यात ठळक जनुक टीसीएफ७एल२, २००६ साली आइसलँडच्या लोकांनी शोधलं आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडच्या रुग्णांतही सापडलं. त्याची धोक्याची एक प्रत असेल तर शक्यता वाढते साधारण दीडपटीच्या आत. शुगर नसलेल्या कितीतरी लोकांतही ती प्रत असते. दोन भावांच्या पेशी शेजारी ठेवून यातलं काय दिसणार? आणि काकांना शुगर 'नाही' म्हणजे काय? ते एक्कावन्नचे आहेत. तू कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, जो माणूस निवडलास, तो पुढच्या दिवाळीत पेशंट असू शकतो.

माझं सांगते. एक पेशंट, एक निरोगी. निरोगी म्हणजे शेजारच्या लॅबमधला एक मुलगा, हसतहसत रक्त देऊन गेलेला. पाच-पाच आठवडे रोज मीडिया, म्हणजे पेशींचं खाद्यपाणी, बदलायचा. गुलाबी पाण्यात तळाला चिकटलेल्या त्या वसाहती, कडा नीट असतील तर जीव भांड्यात, कडेच्या पेशी पसरायला लागल्या की पोटात गोळा. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले नाही, कारण अठरावा दिवस होता. आई फोनवर म्हणाली, "आखाजीले बी सुट्टी नही का तुले?" शेवटी पेशींना आधी कमी ग्लुकोज दिलं, मग जास्त दिलं आणि किती इन्सुलिन सोडतात ते मोजलं. पेशंटच्या पेशींनी निम्मंच सोडलं. निम्मं! मी रात्री अकराला वडिलांना फोन लावला.

मग त्याच पेशंटचा दुसरा क्लोन काढला, म्हणजे त्याच्याच दुसऱ्या एका पेशीपासून वाढवलेली वसाहत. त्याने निरोग्यापेक्षा जास्त इन्सुलिन सोडलं.

माणूस तोच, रक्ताची बाटली तीच. पुढे गुणसूत्रं तपासली तर आमच्या 'निरोगी' पेशींतच विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा जास्तीचा निघाला. मूलपेशी फार दिवस वाढवल्या की हा दोष पुन्हापुन्हा दिसतो. तो तुकडा मिळालेली पेशी सहज मरत नाही, म्हणून तणासारखी बाकीच्यांना दाबून टाकते. मी अडीच वर्षं तणाशी तुलना करत होते. आमच्याकडे तेव्हा कोणी विचारलं नाही असंही नाही. एका सिनियर मुलीने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. मला ती खवचट वाटली.

२०१७ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ३०१ निरोगी माणसांपासून केलेल्या ७११ पेशीरेषांचा, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या मूलपेशींच्या वाणांचा. पेशीरेषांत जो फरक दिसला, त्यात माणसामाणसांतल्या फरकाचा वाटा मोजलेल्या गुणधर्मानुसार ५ ते ४६ टक्के. उरलेला बाकी सगळ्या भानगडींचा. तो वाचला तेव्हा मी धुळ्यात फर्स्ट इयरला गांडुळाची पचनसंस्था शिकवत होते. हसू आलं, आणि मग नाही आलं.

मग करायचं काय? एकाच माणसाच्या पेशी घ्यायच्या, त्यातल्या अर्ध्यांत क्रिस्परने, म्हणजे जनुकाच्या कात्रीने, आजाराची ती एकच चूक दुरुस्त करायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. बाकी सगळा डीएनए तोच, बदललेलं अक्षर एक. हेलसिंकीच्या गटाने २०१८ साली हेच केलं. इन्सुलिनच्याच जनुकात चूक असलेल्या, जन्मापासून मधुमेह असलेल्या रुग्णाच्या पेशी आणि त्याच पेशी दुरुस्त केलेल्या. चुकीचं इन्सुलिन नीट घडी न पडता आत अडकतं, पेशीवर ताण येतो, तिची वाढ मंदावते. हे ठामपणे म्हणता आलं, कारण तुलना कोणाशी याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. तेही एक क्लोन घेऊन भागत नाही. जास्त क्लोन, जास्त खेपा, आणि दर थोड्या दिवसांनी गुणसूत्रं तपासायची.

आता तू म्हणशील, आमच्या घरात एका अक्षराची चूक कुठे आहे? थांब. तुझ्या फाईलमध्ये चार भाऊ आहेत, चौघांचे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. आणि बोलताबोलता एक वाक्य टाकलंस, "शहाद्याच्या आत्येबहिणीला एकोणिसाव्या वर्षीच निघाली, पण ती तर काडी आहे." पुढे आणखी एक, की आत्याला पहिल्या बाळंतपणात निघाली. आणि पाय गेलेली तुझी आजी? ती कधी जाड होती का? भाटाच्या वहीसारखी वंशावळ काढलीस तू, फक्त पुरुषांची!

आजी, आत्या, आत्येबहीण. तीन पिढ्या, तरुणपणी, अंगाने बारीक. टाइप १ म्हणून आत्येबहिणीला इन्सुलिन सुरू केलंय, असेलही ते. पण अशा घरात मोडी नावाचा एका जनुकाचा मधुमेह आहे का हे बघावं लागतं. आधी अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उठलंय का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय का), त्यांनी संशय बळावला तर जनुकाची तपासणी, तीही हार्मोन्सच्या डॉक्टरांकडून, तुझ्या-माझ्याकडून नाही. एचएनएफ१ए या जनुकातली चूक निघाली तर बऱ्याच जणांचं सल्फोनिलयुरियाच्या साध्या गोळीवर भागतं. इंजेक्शन आपल्या मनाने बंद करायचं नाही, हे तिला दोनदा बजाव. वडील-काकांची शुगर नेहमीचीच असेल. एकाच घरात दोन तऱ्हेची शुगर नांदू शकते, त्यात नवल नाही.

आणि पेशींवर फार भाळू नकोस. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक, त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या ३.५ किलोच्या बाळांशी त्यांनी ती ताडून बघितली, तेव्हा कळलं की आपली बाळं हडकुळी असली तरी पाठीवरची चरबी त्या मानाने घटलेली नाही. नुसत्या पुण्याच्या बाळांकडे बघून हे कोणाला दिसलं असतं? आईच्या पोटातली ती उपासमार मूलपेशी करताना बरीचशी पुसली जाते. आजीने दुष्काळात काय खाल्लं ते डिशमध्ये शोधू नकोस.

मोठ्या काकांनी मोबाईलवर दाखवलेली 'स्टेम सेलने शुगर बरी' ही जाहिरात फेकून दे. आपल्याकडच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर पैसे घेऊन असे उपचार करायला परवानगी नाही. परदेशातल्या चाचणीत टाइप १ च्या बारा जणांना मूलपेशींपासून केलेल्या बीटा पेशी पुरेपूर दिल्या, वर्षाअखेर दहा जणांचं इन्सुलिन सुटलं, हे २०२५ साली छापून आलंय, खरं आहे. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. एका खोलीच्या दवाखान्यात होणारी गोष्ट नाही ती.

आता पेच. शाळा की पुणे. मला विचारतेस म्हणजे चुकीच्या बाईला विचारतेस. लॅब सोडली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, वडिलांचं बायपास आहे. होतंही. पण तिसऱ्या महिन्यात ते शेतात जात होते आणि मी परत गेले नाही. लोक म्हणतात, बरं झालं, घर सांभाळलं. मीही तेच म्हणते. कॉलेजात पोरं घडवली, त्यातली तू एक, हे काही कमी नाही. पळून आले असं कोणी म्हटलं तर अजून भांडते मी. माझ्या नावाच्या नळ्या तिथल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत कदाचित अजून असतील, झाकणावर माझं बारीक अक्षर. कोणी काढून फेकल्याही असतील.

तेव्हा मी लॅबमध्ये परत गेले असते तर काय झालं असतं, याची तुलना करायलाही माझ्याकडे दुसरी मी नाही.

तू लॅबला हो म्हण, पण गाईडना पहिल्याच भेटीत विचार, कंट्रोल काय आहे? दुरुस्त केलेल्या जोडीच्या पेशी आहेत का? क्लोन किती? 'बघू पुढे' म्हणाले तर शाळेची नोकरी धर, खरंच सांगते. आणि घरच्यांचं रक्त स्वतः घेऊन जायचं नाही. घेतलं तर नीतिसमितीच्या कागदांतून, दुसऱ्या कोणाच्या हातून. वडिलांना समजावून सांगावं लागेल की त्यांच्या पेशी त्यांच्यामागेही जगत राहतील. माझ्या पेशंटला हे कोणी नीट सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही, आणि ते टोचतं.

रविवारी ये. फाईल आणू नकोस, कोरा कागद आण. आजीपासून सुरू करू, तिच्या बहिणी, त्यांच्या लेकी, कोणाला कितव्या वर्षी, तेव्हा अंगाने कशी. आत्याला त्याआधी फोन कर. दिवसा नको, ती निंदणीला जाते. रात्री आठनंतर.

— तुझी मॅडम