गेमच्या बाजूनं कोर्टात उभं राहायचंय म्हणते, सोलापूरच्या एका बाबांना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी आर्ट्सला, अभ्यासात चांगली, आणि आता म्हणतीये की वकील व्हायचं, तेसुद्धा व्हिडिओ गेम्सच्या बाजूनं कोर्टात उभं राहणारी वकील, कारण गेमसुद्धा अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतो. तुम्ही लिहिलंय, "मॅडम, पुस्तकाचं समजतं, नाटक सिनेमाचं समजतं, पण गेम म्हणजे खेळ, त्यात कसलं आलंय स्वातंत्र्य, आणि असली वकिली कुठं असते का?" आणि शेवटी खरी काळजी, की तिनं मोबाईलवर चालणारा एक गेम बनवलाय, 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी राजवटीवर, आणि तिच्या काकांनी सांगितलंय की हुतात्म्यांच्या विषयाला हात लावलास तर केस पडेल.

लिंक पाठवलीत ते फार बरं केलं. मी पत्राला उत्तर लिहायच्या आधी गेम खेळले.

बाळीवेशीतली गल्ली, संध्याकाळ, एक पोरगा दुधाची किटली घेऊन घरी निघालाय आणि डोक्यावर गांधी टोपी. नाक्यावर शिपाई उभे. स्क्रीनवर बटण एकच, "टोपी काढ". दाबलं की पोरगा पुढं जातो, घरी पोचतो, दूध पोचतं. नाही दाबलं तर दहा सेकंदांनी त्याला धरून नेतात आणि मग त्याच घरातली बहीण तीच किटली घेऊन निघते. स्कोअर नाही, काही नाही. मी पहिल्यांदा बटण दाबलं. पटकन दाबलं, विचारसुद्धा नाही केला, आणि मग फोन तसाच हातात धरून बसून राहिले. दुसऱ्यांदा खेळताना अंगठा बटणावर जाईना.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. पुस्तकात वाचलं असतं की त्या पोरानं टोपी काढली, तर मला त्याचं वाईट वाटलं असतं. इथं टोपी मी काढली. तुमच्या लेकीला जे म्हणायचंय ते तिनं शब्दात नाही, त्या एका बटणात म्हणलंय, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं. ह्यालाच अभिव्यक्ती म्हणतात, दुसरं काय.

आता हे मी म्हणते म्हणून सोडा, कोर्टात काय झालं ते सांगते. तुम्ही विचारलंत तेच अमेरिकेत सेंट लुईसच्या एका जजनी 2002 साली विचारलं होतं, त्यांनी काही गेम्स बघितले आणि म्हणले यात विचार बिचार काही नाही, संरक्षण नाही. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. मग कॅलिफोर्नियानं 2005 मध्ये कायदा केला की मारामारीचे हिंसक गेम 18 वर्षांखालच्या मुलांना विकायचे नाहीत, विकले तर 1000 डॉलरपर्यंत दंड. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर कोण, तर आर्नोल्ड श्वार्झनेगर, तेच पडद्यावर मशीनगन घेऊन फिरणारे. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि जून 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 नं कायदा रद्द झाला. निकाल लिहिला जस्टिस स्कालिया यांनी, जे जुन्या वळणाचे म्हणून ओळखले जायचे. त्यांचं म्हणणं असं की पुस्तक, नाटक, सिनेमा जसा विचार पोचवतो तसा गेमही पोचवतो, माध्यम नवीन आलं म्हणून मूळ तत्त्व बदलत नाही. आणि लहान मुलांना हिंसा नको म्हणाल तर ग्रिमच्या परीकथा बघा, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे पाखरं फोडतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात, आणि ह्या गोष्टी आपण लेकरांना झोपताना सांगतो.

पण लेकीला ह्या निकालाची दुसरी बाजूपण वाचायला सांगा. सातातले दोन जज, अलिटो आणि रॉबर्ट्स, म्हणाले की हा कायदा ढिसाळ लिहिलाय म्हणून रद्द, पण गेम आणि पुस्तक एकच असं इतक्या घाईनं म्हणू नका, हातानं करणं आणि डोळ्यानं वाचणं ह्यात फरक असू शकतो. मला हा मुद्दा हलका वाटत नाही. माझा अंगठा अडला तो त्याच फरकामुळं ना? म्हणजे गेमची जी ताकद तीच विरोधकाच्या हातातली काठी, आणि तिला उद्या कोर्टात ह्याचंच उत्तर द्यावं लागेल.

अमेरिका लांब राहिली म्हणाल, तर मराठीतलीच गोष्ट ऐका. 1962 सालचा 'रंभा' मासिकाचा दिवाळी अंक, त्यात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा. अश्लील म्हणून खटला झाला, खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टात हरले, दंड झाला, आणि शेवटी 1969 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. (आमच्या घरी आई असले अंक गादीखाली ठेवायची, आणि आम्हाला ते माहीत होतं.) तर कोर्ट म्हणालं की समाजाच्या कल्पना बदलत असतात, आणि कादंबरीत स्त्रीपुरुष संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून ती तरुण पोरांच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं, तर पोरांना फक्त धार्मिक पुस्तकंच वाचत बसावं लागेल. एका दिवाळी अंकातल्या गोष्टीसाठी सात वर्षं! पण कुणीतरी वकील त्या बाजूनं उभा राहिला म्हणूनच ना.

आता आपल्याकडं गेमचं काय. घटनेचं कलम 19(1)(क) बोलण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि 19(2) मध्ये देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशी बंधनं आहेत. सिनेमा ह्यात येतो हे कोर्टानं मानलंय, पण 1970 च्या सिनेमा दिग्दर्शक के. ए. अब्बास यांच्या केसमध्ये हेही म्हणलं की सिनेमाचा परिणाम फार जोरात होतो म्हणून त्याला आधी सेन्सॉर लावलं तर चालतं. उद्या गेमची पाळी आली तर हाच निकाल समोर टाकतील बघा, सिनेमाचा एवढा परिणाम तर गेमचा केवढा! आज गेमला सिनेमासारखं सर्टिफिकेट देणारं सरकारी बोर्ड नाही, पण नाही म्हणजे कायम नसणारच असं नाही.

आणि मला वाटतं खरी जागा इथंच आहे. आपल्याकडं गेमवरची जी मोठी भांडणं झाली ती जवळजवळ सगळी दुसऱ्याच मुद्द्यावर झाली. पबजी 2 सप्टेंबर 2020 ला आणखी 117 ॲप्सबरोबर बंद झालं ते आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली, सुरक्षेच्या आणि डेटाच्या कारणानं, गेममध्ये काय दाखवलंय त्यावर नाही. त्याच्या आधी 2019 मध्ये राजकोटला पोलिसांनी मनाई काढली आणि पबजी खेळताना सापडलेल्या कॉलेजच्या पोरांना अटकसुद्धा केली. रमीच्या केसेस बघितल्या तर 1968 पासून कोर्ट हेच बघत आलंय की डोक्याचा खेळ की नशिबाचा, म्हणजे वाद जुगाराचा आणि धंदा करायच्या हक्काचा, बोलण्याच्या हक्काचा नाही. गेम बनवणारी बाई किंवा बुवा हा लेखक आहे, दिग्दर्शक आहे, असं म्हणून लढणारं कोणी फारसं दिसत नाही. तुमच्या लेकीला हे सतराव्या अठराव्या वर्षी सुचलं, त्याचं मला कौतुक वाटतं.

तरीपण पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. निव्वळ अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या केसेसवर घर चालत नाही, कोणाचंच चालत नाही. गेम कंपन्यांना वकील लागतो तो करारासाठी, कॉपीराइट ट्रेडमार्कसाठी, मुलांच्या डेटासाठी, परदेशी पब्लिशरबरोबरच्या कागदपत्रांसाठी. आणि पैसे लावून खेळायचे जे गेम होते त्या कंपन्यांतल्या नोकऱ्यांच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं ते गेम बंद केलेत, कौशल्याचे असले तरी, ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मात्र मान्यता दिलीये. त्याला दिलेलं आव्हान सुप्रीम कोर्टापुढं गेलंय. म्हणून 'गेमिंग लॉयर' ही पाटी आत्ताच लावू नका. आधी घटना नीट येणारी, ड्राफ्टिंग, म्हणजे कोर्टाचे कागद लिहिणं, स्वच्छ करणारी वकील होऊ दे, गेम ही तिची आवड आहेच, ती कुठं जात नाही.

रस्ता असा. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ. क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली तर नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, पण पेपर पूर्ण इंग्रजीत आणि वाचायला भरपूर, 2 तासांत 120 प्रश्न, तिला इंग्रजी पेपरमधला अग्रलेख रोज वाचायची सवय आजपासून लागली पाहिजे. दुसरी एमएच सीईटी लॉ, आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, ती मराठीतूनही देता येते. दोन्ही द्यायच्या. नाही लागला नंबर तर सोलापूरातही लॉ कॉलेज आहे आणि इथनं शिकून हायकोर्टात गेलेली माणसं आहेत, त्यात कमीपणा नाही, फक्त मग मूट कोर्ट (सरावासाठीचं लुटुपुटूचं कोर्ट) आणि इंटर्नशिप स्वतः धावपळ करून मिळवावी लागते. पदवीनंतर सनद म्हणजे वकिलीचा परवाना, बार कौन्सिलची परीक्षा, आणि मग सीनियरकडं पहिली दोन तीन वर्षं हातात फार पैसे येत नाहीत हे घरात आत्ताच बोलून ठेवा. तुम्ही टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, धाकटा मुलगा अजून शाळेत, म्हणून म्हणते, सात आठ वर्षांचा हिशोब कागदावर मांडा, तिच्यासमोर मांडा. तिला सगळं समजतं.

गेम बनवणं बंद करू नका. काही जण तुम्हाला सांगतील की हा नाद सोडव, अभ्यासाला लाव. पुण्यातल्या पोरांनी 'राजी' नावाचा गेम 2020 मध्ये काढला, तो निन्टेंडोच्या गेम मशीनवर जगभर गेला, म्हणजे हे काम इथं होतं. आणि उद्या जजसमोर गेम म्हणजे काय हे समजावताना स्वतः गेम बनवलेल्या माणसाचं बोलणं वेगळंच असतंय.

राहिली काकांची भीती. इतिहासावर गेम काढला म्हणून गुन्हा होत नाही. सांभाळायचं ते एवढंच, कुणाचीच बदनामी नको, हयात नसलेल्याचीसुद्धा, कुठल्या समाजाला डिवचणं नको, आणि चार हुतात्म्यांविषयी जे दाखवशील ते तपासून दाखव. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. पाठ नको, वाचून काढू दे तिला. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, हे तिच्या गेममध्ये मला कुठं दिसलं नाही. चार हुतात्मा चौकातनं आपण रोज गाडी काढतो, पण तिथल्या चौघांतला एक जण संपादक होता हे किती जणांना माहीत असेल? छापखाना, शाईचे हात, आणि दारावर थाप, असली एक लेव्हल ती करू शकते.

सीईटीच्या फॉर्मच्या तारखा सीईटी सेलच्या वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजवर नको. आणि एक विचारायचं राहिलं, तिला विचारून कळवा, बहीण नाक्यावर पोचते तेव्हा तिच्या डोक्यावर टोपी नसते, तरी बटण तेच का येतं? मी तिथं अडकलीये, पुढं जाता येईना.