आधी साइट, मग चाप

तुझं पत्र वाचलं, सोबतचा व्हिडिओही पाहिला. प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीची, म्हणजे पळत, घड्याळाशी झुंजत गोळ्या मारायच्या खेळाची, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली आणि तू विचारतेस, "वेग वाढवू की अचूकता?" खरं सांगू, थोडा रागच आला. दोनातलं एक निवडायचं असतं हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

व्हिडिओतला तिसऱ्या जागेवरचा तुकडा सावकाश लावून बघ. डावीकडच्या कागदी टार्गेटवर दुसरी गोळी सुटते तेव्हा तुझी मान पुढच्या टार्गेटकडे वळूनही गेलेली आहे. ती गोळी तू मारली नाहीस, ती सुटली. लगेच पुढे पॉपरसमोर, म्हणजे गोळी लागली की पडणाऱ्या लोखंडी टार्गेटसमोर, उलटा प्रकार: तो पडतोय की नाही हे बघत तू हात ताणून उभी. दोन्हीचं कारण एकच. गोळी सुटली त्या क्षणी साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, कुठे होती, हे तू पाहिलं नाहीस. ते पाहिलं की गोळी कुठे गेली हे कागदाकडे न बघता कळतं, आणि लोखंड पडायच्या आत पाय पुढे निघालेले असतात.

आता तुझ्या प्रश्नाचा हिशेब. हिट फॅक्टर म्हणजे गुण भागिले सेकंद, हे तुला पाठ आहे. समज, २४ गोळ्यांची स्टेज (स्पर्धेतला एक टप्पा) आहे, १६ सेकंदांत ११२ गुण झाले. फॅक्टर ७. त्यातला एक अल्फा (मधल्या भागातली, ५ गुणांची गोळी) मिस झाला तर ५ गुण गेले आणि वर १० दंड. हे १५ गुण या स्टेजवर २ सेकंदांहून जास्त पडतात. अल्फाऐवजी चार्ली (त्याच्या बाहेरच्या भागातली गोळी) लागला तर प्रॉडक्शन गटात २ गुण जातात, म्हणजे पाव सेकंदाच्या थोडं वर. कागदावरच्या सर्वोत्तम दोनच गोळ्या धरतात, जादा मारायला मोकळीक असते. मिससाठी तिसरी गोळी मारायचीच. चार्लीसाठी बहुतेक वेळा नाही. पण गेला तो चार्ली की मिस, हे त्याच जागी, त्याच क्षणी कळलं तरच हा निर्णय घेता येतो ना! कळलं नाही तर एक तर देवावर हवाला ठेवून पळशील, नाही तर भीतीपोटी प्रत्येक कागदावर तिसरी मारशील. तू सध्या दोन्ही करतेस.

माझ्याबद्दल रेंजवर काय बोलतात ते तुझ्या कानावर आलं असेलच. "हळू मारतो." राष्ट्रीय स्पर्धेचं पदक मला मिळालं नाही, याची खंत आहे आणि ती राहणार. माझ्या उमेदीत बोट कसं ठेवायचं हे सांगणारे पुष्कळ होते, काय बघायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. ती वर्षं गेली ती गेली. पण न बघता चाप ओढायला मी तेव्हाही तयार नव्हतो, आजही नाही. आणि हळू मी कधीच नव्हतो. दिसत होतं तितक्या वेगानं मारत होतो. ५ मीटरवरच्या उघड्या कागदाला साइटचा नुसता आकार दिसला तरी पुरतं. २० मीटरवर नो-शूटच्या (गोळी लागली तर दंड होतो त्या टार्गेटच्या) आडून अर्धंच टार्गेट दिसत असेल तर पुढची साइट स्वच्छ दिसेपर्यंत चाप हलवायचा नाही. आधी साइट, मग चाप. कितीदा सांगू?

ड्राय फायर (बिनगोळीचा सराव) करतेस तेव्हा टायमर बाजूला ठेव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, हे तुला सांगायला नको. चाप सुटतो तेव्हा साइट कुठे होती ते दर वेळी मोठ्यानं बोल. कंटाळा येईल. येऊ दे.

तिकडे गेल्यावर स्क्वॉडमधली पोरं तुझ्यापेक्षा जोरात पळतील, त्यांचे प्लॅनही झकास वाटतील. वॉकथ्रूमध्ये (स्टेज आधी फिरून बघताना) ऐकून घे, पण स्टेजवर उतरताना प्लॅन तुझाच हवा, कारण दर चार पावलांनी पुढचं काय हे आठवावं लागलं तर डोळे कामाला कसे लागणार? डोळे मिटून पूर्ण स्टेज सलग दिसली पाहिजे, मॅगझिन बदलायची जागाही. बदलताना आणि पळताना बोट चापाच्या कड्याबाहेर. तिथे चुकलीस तर डीक्यू, सगळी स्पर्धा तिथेच संपली. काडतुसांचा जोर आधी मोजून घे. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) पॉवर फॅक्टर, म्हणजे गोळीच्या वजन-वेगावरून काढलेला जोराचा आकडा, १२५ च्या खाली गेला तर सगळे गुण शून्य, आणि एवढ्या मेहनतीनंतर ते मला बघवणार नाही.

तुझा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. म्हणूनच चिडतो.

पहिल्या दिवसानंतर फोन कर. कितवी आलीस ते नको सांगूस. प्रत्येक स्टेजवरच्या किती गोळ्या तुला कागद बघायच्या आधी कळल्या होत्या, तेवढं सांग.