नानांची पद्मिनी आणि गार पडणारे हात

‘रोजची गाडी आरामात चालवते, मग घरातली जुनी गाडी काढायची म्हटलं की धडधड का होते? मी भित्री आहे का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अधूनमधून येतो.

इंदूरच्या रामबागेतल्या एक बाई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). पंचेचाळिशीच्या, ऑटोमॅटिक गाडीवर शहरभर फिरणाऱ्या. सासरे, म्हणजे नाना, गेले आणि मागे राहिली त्यांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी. यजमानांची नजर अधू, मुलगा पुण्यात. गाडी विकायची नाही हे घरात ठरलं. चालवायची कोणी, हे आपोआपच ठरलं. पहिल्याच खेपेला शास्त्री पुलाच्या चढावर ती बंद पडली. मागून हॉर्नचा भडिमार. तेव्हापासून किल्ली उचलली तरी हात गार पडायचे.

‘घाबरू नका’ असं मी कोणालाच सांगत नाही, त्याने काही होत नाही. त्यांना कागदावर दोन रकाने आखायला लावले. डावीकडे आलं: गाडी वेळेवर थांबली नाही तर, चढावर मागे सरकली तर, गिअर सापडला नाही तर. उजवीकडे एकच ओळ: ‘नानांनी इतकी वर्षं ओरखडा पडू दिला नाही, माझ्या हातून पडला तर नणंदा काय म्हणतील?’

डावीकडची भीती शंभर टक्के रास्त होती. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही बूस्टरशिवाय, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारी सोय नाही. नव्या गाडीच्या सवयीने पाय नुसता टेकवला तर ती थांबत नाही, दाबावंच लागतं. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट. म्हणून पुढच्या गाडीपासून जास्त जागा सोडायची. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवून घ्यायचे. गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे चाक वळवताना गाडी किंचित हलती ठेवायची, नाहीतर खांदे भरून येतात. हे शिकवणं माझं काम नव्हे. त्यांना नानांच्या जुन्या मिस्त्रीकडे पाठवलं. आधी ब्रेक, टायर, वायरिंग तपासून घ्या म्हटलं, आणि फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण, विमा यांचे कागदही. मिस्त्री म्हणाला, “भाभी, पहले रोकना सीखो, चलाना तो आपको आता ही है।” माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा हे वाक्य कामाचं निघालं.

मग पायऱ्या ठरवल्या. आधी बंद गाडीत बसून डोळे न वळवता गिअर टाकायचे. मग रविवारी सकाळी कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर फक्त थांबायचा सराव. मग हँडब्रेकवर उभी गाडी चढावर उचलणं, आणि पूल सगळ्यात शेवटी. एका पायरीवर धडधड निम्म्यावर आल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि मधेच टाळायचंही नाही. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती आणखी पक्की होते. रस्त्यात घाबरायला झालं तर इंडिकेटर देऊन डावीकडे थांबायचं, श्वास सावकाश सोडायचा. यजमानांना एकच अट: शेजारी बसून सूचना द्यायच्या नाहीत. (त्यांना ही पायरी सगळ्यात अवघड गेली.)

उजव्या रकान्यासाठी मी त्यांना मोठ्या नणंदेला फोन करायला सांगितलं. नणंद हसायलाच लागली. “अगं वहिनी, मागच्या बंपरला पोचा आहे ना, तो नानांनीच फाटकावर धडकवलाय. आईला सांगू नका म्हणाले होते!” पुढच्या भेटीत बाई हे सांगताना एकदम मोकळ्या झाल्या होत्या.

प्रत्यक्ष अपघातानंतर ज्यांना तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर दिसतो, झोप उडते, त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. या बाईंना त्याची गरज पडली नाही. आता त्या सकाळी पुलावरून पद्मिनी नेतात. रात्री हायवेवर मात्र काढत नाहीत. हेडलाइट मंद आहेत, ट्रक अंगावर येतात. ती भीती घालवावी असं त्यांना वाटत नाही, आणि मलाही नाही.