संगीतपटाच्या खास खेळाला पहिल्यांदाच जातोयस ना?

मग एक ऐक. प्रदर्शनाआधीच्या खेळाला येणारे निम्मे लोक पदं पाठ करूनच आलेले असतात. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’ देऊन वाढलेली ही माणसं! नाटकात ते शोभतंही, कारण नटाला ऐकू जातं आणि तो पद पुन्हा घेतो. पडदा पुन्हा घेत नाही. आपल्या आरोळीत गाण्यातली पुढची सुरावट तेवढी बुडते, आणि शेजारचा हळहळतो. म्हणून गाणं पूर्ण संपू दे, मग मनसोक्त टाळ्या दे. सोबत गाण्याचे खेळ कधीकधी वेगळे जाहीर होतात, तिथे गळा मोकळा सोड.

दुसरं, कानात जुनं नाटक घेऊन बसू नकोस. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. २०१५ च्या चित्रपटात त्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. नव्या चालींना निदान एकदा तरी मोकळ्या मनाने ऐकायला हवं, असं मला फार वाटतं.

मोबाइल खिशातच ठेव. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर पडद्याचं चोरून चित्रण केल्यास किमान ३ महिने कैद आणि ३ लाख रुपये दंड आहे.

पास असला तरी अर्धा तास आधी पोच. आणि बाहेर पडल्यावर शेवट कुणाला सांगू नकोस, गाणी कशी वाटली ते सांग.