तुझ्या आराखड्यातला बोळ

प्रिय,

तुझ्या मांडणशिल्पाचा, म्हणजे लोकांनी आत शिरून अनुभवायच्या त्या दालनाचा, आराखडा तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला आणि तिसऱ्यांदा कोपऱ्यात पेन्सिलने ओढलेल्या दोन समांतर रेघा दिसल्या. शेजारी तू लिहिलं आहेस : 'प्रवेशाचा बोळ, तारा झाकण्यासाठी.' हे पत्र मुख्यतः त्या दोन रेघांबद्दल आहे. पण आधी रागाचं सांगून टाकते.

मोठं अंधारं दालन, समोर पडदा, वर कॅमेरा. माणूस आत आला की सॉफ्टवेअर त्याचा चेहरा वाचणार. तो चिडलेला असेल तर पडद्यावरची त्याची आकृती लाल, उदास असेल तर निळी. दोघं जवळ आले की मध्ये सोनेरी धागा उमटणार. याला तू 'भावनिक नातं' म्हटलं आहेस, मला ती रोषणाई वाटते. चिडलेल्या माणसाला 'तू चिडला आहेस' असं पडद्याने कळवलं, तर त्याच्या पदरात काय पडलं? शिवाय यंत्राला ते खरंच कळतं, हेही गृहीत धरू नकोस. २०१९ साली मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासून दाखवून दिलं, की नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून आतली भावना भरवशाने ओळखता येत नाही. माणूस रागाने कपाळाला आठ्या घालतो, तशाच विचारात गढला की घालतो. म्हणजे तुझं काम मन लावून पाहणारा प्रत्येक जण लाल व्हायचा!

आता बोळ.

ब्रूस नाउमन या अमेरिकन कलावंताने १९६८ मध्ये एका व्हिडिओसाठी दोन लांब भिंती जवळजवळ उभ्या केल्या. त्या बोळातून तो हात मानेमागे बांधून, कंबर एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला काढत चालत राहतो. बोळ हा निव्वळ सेट होता, तुझ्यासारखाच काहीतरी सोय म्हणून केलेला. पुढच्याच वर्षी त्याने तो रिकामा बोळ स्वतंत्र मांडणशिल्प म्हणून लोकांपुढे ठेवला. रुंदी जेमतेम ५० सेंटीमीटर. आत शिरायचं तर खांदे आवळायला लागतात, हात अंगालगत घ्यायला लागतात. १९७० मध्ये त्याने आणखी एक बोळ केला. त्याच्या टोकाला जमिनीलगत दोन टीव्ही एकावर एक ठेवले आणि कॅमेरा लावला प्रवेशापाशी, उंचावर, म्हणजे आत शिरणाऱ्याच्या पाठीमागे. एका टीव्हीवर रिकामा बोळ दिसत राहतो. दुसऱ्यावर तुझी पाठ दिसते, आणि तू टीव्हीच्या जितकं जवळ जावंस तितकी ती लहान होत जाते, कारण कॅमेऱ्यापासूनचं तुझं अंतर वाढत असतं. स्वतःला गाठायला निघावं आणि प्रत्येक पावलाला आपणच लांब जावं. 'एकटेपणा' हा शब्द तिथे कुठेही लिहिलेला नाही.

तुला रसशास्त्र, म्हणजे नाटक-काव्यातून भावना कशी पोचते त्याचं शास्त्र, शिकवलं असेल, परीक्षेपुरतं का होईना. विभाव म्हणजे भावनेची कारणं, अनुभाव म्हणजे ती शरीरावर उमटते ती खूण. रंगमंचावर अनुभाव नट दाखवतो आणि प्रेक्षक खुर्चीत बसून आस्वाद घेतो. मांडणशिल्पात नटच नसतो. तू फक्त विभाव रचायचे : उंची, अंतर, उजेड, जमिनीचा उतार. अनुभाव प्रेक्षकाच्याच अंगावर घडतो, त्याचा श्वास, त्याची मान, त्याची चाल. म्हणून आराखड्यात 'इथे प्रेक्षकाला भीती वाटेल' असं लिहू नकोस. 'इथे प्रेक्षकाला वाकावं लागेल' असं लिही. वाकल्यावर त्याला काय वाटेल ते त्याचं त्याला ठरवू दे.

हे मी फार शहाणपणाने सांगते आहे असं समजू नकोस. तरुणपणी मी एका दालनात छतापासून जमिनीपर्यंत कापडाच्या पट्ट्या सोडल्या होत्या. कोणी जवळ आलं की सेन्सरला कळायचं, मोटार फिरायची आणि पट्टी वर ओढली जायची. दारावर झोकात लिहिलं होतं, 'स्पर्शाचं भय'. लोक आत यायचे, हात हलवून पट्टी खरंच हलते का ते बघायचे, मग सेन्सर कुठे बसवलाय ते शोधायचे आणि तो सापडला की समाधानाने निघून जायचे. तिसऱ्या दिवशी मोटारी जळाल्या. पट्ट्या नुसत्या लोंबत राहिल्या. त्या दिवशी लोक दुप्पट वेळ थांबले. कापड हाताने बाजूला सारत पुढे जायला लागायचं आणि मध्येच पलीकडून सारणारा दुसरा हात दिसायचा. दोन अनोळखी माणसं वीतभर अंतरावर समोरासमोर यायची, दचकायची, हसायची, 'तुम्ही आधी' म्हणायची. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी मोटारी दुरुस्त करून घेतल्या. तेवढीच अक्कल होती तेव्हा.

तंत्रज्ञान नकोच, असं मात्र मी म्हणत नाही. राफाएल लोझानो-हेमर या कलावंताचं २००६ मधलं 'पल्स रूम' घे. छताला साधे पिवळे बल्ब लटकताहेत, शेकड्याने. तू एका यंत्राच्या दांड्या दोन्ही हातांनी धरायच्या. नाडी टिपली जाते आणि जवळचा बल्ब तुझ्या ठोक्यावर उघडझाप करू लागतो. हात सोडले की क्षणभर अंधार होतो, मग तुझा ठोका रांगेतल्या पहिल्या बल्बवर जातो आणि आधीचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. शेवटचा रांगेबाहेर पडतो. प्रेक्षकाकडून मागितलं काय, तर काही सेकंद दांड्या धरून शांत उभं राहणं. आपला ठोका परक्यांच्या ठोक्यांमध्ये मिसळला आहे आणि माणसं येत राहिली की तोही बाहेर पडणार आहे, हे ज्याला जाणवायचं त्याला जाणवतं. सोनेरी धाग्याची गरज पडली नाही बघ.

पडदा ठेवायचाच असेल तर दोन गोष्टी पटकन सांगते. माणसाची पूर्ण आकृती दाखवू नकोस. आरसा दिसला की लोक नाटकं करतात. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं, की सांध्यांवर लावलेले दहा-बारा प्रकाशठिपके अंधारात हलू लागले की पाहणाऱ्याला चालणारा माणूस क्षणात ओळखू येतो. तेच ठिपके स्थिर असले की काही बोध होत नाही. तेवढे ठिपके तुला भरपूर आहेत. दुसरं, प्रतिसादातला उशीर. तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ठेव, नाहीतर सरळ मोठा कर. डॅन ग्रॅहम या अमेरिकन कलावंताने १९७४ मध्ये कॅमेऱ्याने टिपलेलं पडद्यावर दाखवताना आठ सेकंदांचा उशीर ठेवला होता, तेव्हा लोकांना आपलं नुकतंच होऊन गेलेलं रूप भेटायचं. अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे नुसतं यंत्र बिघडल्यासारखं वाटतं.

तुझा बोळ आराखड्यात ६० सेंटीमीटर आहे. इथे मला तुला अडवायलाच हवं, कारण चाकाची खुर्ची त्यातून जाणार नाही. 'त्यांच्यासाठी मागचं दार' असं उत्तर देऊ नकोस. ज्या कामाचा जीव प्रवेशातच आहे, त्यात मागच्या दाराने आलेल्याला काम मिळालंच नाही. भिंतींत सव्वा मीटर अंतर ठेव आणि अरुंदपणा कापडाने आण. जाड, मऊ, दोन्ही बाजूंनी फुगून आलेलं कापड असू दे, अंगाने ढकललं की मागे सरणारं. चालणाऱ्यालाही ते घासेल आणि बसलेल्यालाही. कापड आग न धरणारंच घे. आणि मध्यावर बाहेर पडायला एक फट ठेव. आत कोंडल्यासारखं होणारे लोक असतात, त्यातली मीही एक.

मोठा खर्च करण्याआधी हा बोळ पुठ्ठा आणि जुन्या चादरींचा उभा कर. पाच-सहा जणांना बोलाव, त्यातले निदान तीन चित्रकलेशी संबंध नसलेले. काही समजावून सांगू नकोस, जे तुझ्या जिभेवर येईल ते गिळून टाक. कोपऱ्यात वही घेऊन बस. आत शिरताना कोण थबकतं, हात कुठे जातात, मान कधी वळते, समोरून दुसरा आला तर कोण अंग चोरतं, किती वेळ लागतो, एवढंच टिप. बाहेर आल्यावर 'कसं वाटलं?' विचारू नकोस, लोक तुझ्या तोंडाकडे बघून उत्तर देतात.

ती वही मला पाठव. नवा आराखडा सध्या नको. आणि हो, तारा दुसरीकडे कुठेतरी लपव.

अनेक आशीर्वाद.